सुकाणावर कोण?

माझा व्यवसाय चुका काढण्याचा. दुबईतल्या एका इंग्रजी दैनिकात मी कॉपी डेस्कवर होतो. बातमीदार लिहितो, त्यात माणसाच्या वयापासून पुलाच्या लांबीपर्यंत जे चुकलेलं असतं ते छापायला जाण्याआधी पकडायचं आणि पकडल्याचं कोणाला कळू द्यायचं नाही, एवढंच काम. उपसंपादकाचं नाव कुठेही छापून येत नाही. तो बरा असला तर दुसऱ्या दिवशी तक्रारीचा फोन येत नाही, इतकीच त्याची ओळख.

२००८च्या शेवटी मंदी आली तेव्हा माझ्याकडे प्रॉपर्टीची पुरवणी होती. जाडजूड, गुळगुळीत कागदाची, अजून न बांधलेल्या टॉवरांच्या चित्रांनी भरलेली. ती आधी निम्मी झाली, मग चार पानांवर आली आणि एका आठवड्यात निघालीच नाही. मला मुख्य डेस्कवर घेतलं, शिफ्ट कमी केल्या. त्यामुळे बऱ्याच वर्षांनी शुक्रवार पूर्ण मोकळा मिळू लागला. तेव्हा इथली आठवड्याची सुट्टी शुक्रवारची असे. बायकोचं ऑफिस जुमेरा लेक टॉवर्समध्ये होतं. तिच्या मजल्यावरची निम्मी टेबलं रिकामी झाली होती आणि उरलेल्यांना सुट्टीच्या दिवशीही बोलावणं येई. म्हणून शुक्रवारी घरात मी आणि आमची मुलगी. ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. मराठी समजायची, उत्तर इंग्रजीत द्यायची. करामा भागातल्या आमच्या इमारतीत सगळीच मुलं तशी होती. आईबाप आपापल्या भाषेत हाका मारत आणि जिन्यातून उत्तरं इंग्रजीत येत.

पहिली खूण जेवणाच्या टेबलावर दिसली. मी बायकोला डेस्कवरचं काहीतरी सांगत होतो आणि माझं प्रत्येक वाक्य संपलं की मुलगी म्हणत होती, "हूं."

"काय झालं?"

"नथिंग. गो ऑन."

"मग हूं हूं काय लावलंयस?"

"दॅट्स हाऊ यू लिसन, बाबा. नाहीतर गलबत थांबतं."

बायकोने माझ्याकडे बघितलं. वाक्याचा शेवट मराठीत होता आणि त्यातला एक शब्द आमच्या घरात कोणी कधी वापरलेला नव्हता.

"हे कोणी शिकवलं?"

"खाला."

खाला वरच्या मजल्यावर राहत. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावच्या. मुलगा बांधकाम कंपनीत फोरमन, फ्लॅट कंपनीचा, सून एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर. त्या दोघांना मूल नव्हतं. नातं, धर्म, वय यांचा विचार न करता सगळी इमारत त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत असे. शुक्रवारी जुम्म्याची नमाज आणि जेवणं झाली की मुलगा-सून आडवे होत आणि खालांच्या हॉलमधल्या गालिच्यावर मुलं जमत. आमची मुलगी वर घावन खायला जाते, असा आमचा समज होता.

पुढच्या शुक्रवारी मीही गेलो. खाला सोफ्यावर मांडी घालून बसल्या होत्या.

"ये पेपरवाल्या, बस. तुजी पोर बोलते, तू लोकांच्या चुका काढतंस."

"तेच काम आहे, खाला."

"मग हितं गप बस. हितं चुकायचं काम माजं."

मुलं हसली. मला वाटलं, म्हातारीचा विनम्रपणा. खाला कधीच विनम्र नसतात हे मला अजून कळायचं होतं.

गालिच्याच्या मधोमध माझी मुलगी मॉपचा मोडका दांडा बगलेत धरून बसली होती. खालांनी तिच्याकडे बघून विचारलं, "सुकाणावर कोण?"

"मी हाय."

"डोळे?"

"उघडे."

"मग सोड दोर."

आणि कानी सुरू झाली. कहाणीला त्या कानी म्हणत. एक वाक्य खाला टाकत, एक "हूं" मुलगी. मध्येच इतर मुलं "हूं" म्हणायची, पण ते धरलं जात नसे. मोजायचा तो फक्त सुकाणावरचा हुंकार.

ही पद्धत कुठली, ते मी मागाहून विचारून घेतलं. खालांचे वडील तांडेल होते, म्हणजे गलबतावरच्या खलाशांचे मुखिया. कौलं आणि लाकूड भरून गलबत रत्नागिरीकडून सुटे, मस्कतला पाणी भरे, हुर्मुझचं टोक वळून या किनाऱ्याला येई आणि परतताना खजूर नेई. रात्री सुकाणू धरणाऱ्याला झोप लागली तर गलबत खडकावर जाणार. म्हणून दुसरा एकजण त्याच्याशेजारी बसून कानी सांगे. हुंकार आला नाही की कानी थांबे आणि सुकाणूवाल्याच्या तोंडावर समुद्राचं पाणी बसे. पावसाळ्यात गलबतं शाकारून किनाऱ्यावर ओढलेली असत, तेव्हा तांडेल तीच कानी घरी सांगत. घरात सुकाणावर बसे त्यांची धाकटी मुलगी, हातात मुसळ घेऊन. तीच ही खाला.

कानी लांबलचक आहे. तिच्यात बंदरं आहेत आणि थांबायचं तर बंदरावरच थांबता येतं, म्हणून ती अनेक शुक्रवार चाले. थोडक्यात अशी: गलबत कौलं भरून निघतं. गलबतावरच्या स्वयंपाक्याकडे, भंडाऱ्याकडे, एक तांबडा कोंबडा असतो. तो रोज पहाटे सगळ्यांना उठवतो म्हणून खलाशी त्याला शिव्या देतात. मस्कतला विहिरीवरचा राखणदार गोड पाण्याच्या बदल्यात तोच कोंबडा मागून घेतो. भंडारी रडतो, बाकीचे खूश होतात. पुढे हुर्मुझला वारा पडतो. दिवसामागून दिवस गलबत जागचं हलत नाही, पाणी संपत येतं, माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात. मग उम्म अल कुवैनच्या वाळूच्या बांधांजवळ एका सकाळी छोट्या हुडीतून एक म्हातारा येतो, मोत्यांसाठी बुड्या मारणारा. त्याला यांची बोली येत नाही, यांना त्याची. तो गलबतावर चढून गप्प बसतो. तांडेल, दुसरं काही सुचत नाही म्हणून, कानी सांगत राहतो. म्हातारा एक शब्द न समजता प्रत्येक वाक्याला हुंकार देतो. कानी संपते तेव्हा तो उठतो, सुकाणू हातात घेतो आणि वाळूच्या बांधांमधून गलबत थेट गोड्या पाण्यापाशी नेतो. शेवटचं वाक्य ठरलेलं: "बोली नाय आली त्याला, पन बंदर त्यानंच दावलं."

आमच्या पुरवणीत दर आठवड्याला एक वाक्य वेगवेगळ्या शब्दांत छापलं जाई: कालपर्यंत इथे नुसती वाळू होती. ते वाक्य कैक वेळा माझ्या हाताखालून गेलं होतं आणि त्यात मला कधी काही खटकलं नव्हतं. आता समजत होतं की या टॉवरांच्या पायांत काँक्रीट पडण्याच्या खूप आधी या वाळूवर आपल्याकडची एक कानी येऊन गेली होती, आणि तिच्यात इथल्या एका माणसाला मानाची जागा होती.

अशी गोष्ट जपली पाहिजे, असं मला वाटलं. जपण्याची मला माहीत असलेली रीत एकच. पुढच्या शुक्रवारी मी ऑफिसचा रेकॉर्डर नेला. खालांची हरकत नव्हती.

"ठेव, ठेव. पन डबीला हुंकार देता येतो काय रं?"

सगळी बंदरं होईपर्यंत मी रेकॉर्ड करत राहिलो. मग ऐकून टाइप केलं. सवयीने तपासलं. काही ठिकाणी घसरलेलं होतं. हुर्मुझ वळून या बाजूला येताना किनारा उजव्या हाताला, असं खाला म्हणाल्या होत्या. नकाशा काढून बघितला. किनारा डाव्या हाताला येतो. अवसेच्या रात्री चांदणं पडलं होतं. सुरुवातीला कौलं भरलेलं गलबत मध्येच विटांनी भरलेलं होतं. वयामुळे होतं, असं धरून मी शांतपणे सगळं नीट केलं. मुलांच्या मधल्या आरडाओरड्याचे भाग काढून टाकले. स्वच्छ प्रत तयार झाली. माझ्या हातून गेलेल्या सर्वात चांगल्या मजकुरांपैकी ती एक होती.

ती घेऊन मी वर गेलो आणि वाचू लागलो. खाला डोळे मिटून ऐकत होत्या. हुर्मुझ आलं आणि त्यांनी डोळे उघडले.

"थांब. काय वाचलंस?"

"किनारा डाव्या हाताला."

"मी काय बोललेली?"

"तुमच्या बोलण्यात उजव्या आलं होतं. मी दुरुस्त केलं."

"आनि अवसेचं चांदनं?"

"तेही काढलं."

खालांनी माझ्या मुलीकडे मोर्चा वळवला. "पोरी, मी उजव्या बोलली तवा तू काय केलंस?"

"आय सेड थांब."

"मग?"

"आय सेड डावीकडे. मग तू मला जास्तीचं घावन दिलंस."

हा भाग मी आरडाओरडा म्हणून गाळला होता.

"बघ," खाला मला म्हणाल्या, "दहा वर्षांची पोर जागी, आनि तू मेल्या माजी सगळी भोकं बुजवून आनलीस. जाळ्याची भोकं बुजवली तर मासा कशात धरू?"

मग त्यांनी मला सांगितलं, आणि मुलांना ते आधीच माहीत होतं म्हणून मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. कानी सांगणाऱ्याने तिच्यात मुद्दाम खोट घालायची असते. दर वेळी नवी, दर वेळी वेगळ्या जागी. सुकाणावरचा जागा असेल तर तो "थांब" म्हणतो आणि खरं काय ते सांगतो. नसेल तर सांगणारा कानी तोडून विचारतो, "सुकाणावर कोण?" एकदा सुरुवातीला विचारलं की हा प्रश्न पुन्हा यायची वेळ येऊ नये. ती आली तर सुकाणावरच्याची नाचक्की.

"नुसत्या हुंकारानं नाही भागत?" मी विचारलं.

"हूं झोपेत बी येतो. थांब झोपेत येत नाय."

आमच्या डेस्कवर हे वाक्य भिंतीवर लावायला हवं होतं. स्वच्छ प्रत मी ड्रॉवरमध्ये टाकली. अजूनही ती तिथे आहे.

नियम कळल्यावर दांडा मला एकदा तरी द्यावा, असा मी आग्रह धरला. माझ्या व्यवसायाचा प्रश्न होता. मला तो मिळाला आणि त्या दुपारी खालांची एकही खोट माझ्या हातून निसटली नाही. "हा मेला डोळे मिटतच नाय," त्या कुरकुरल्या. त्यांची ती कुरकुर मला कुठल्याही बढतीपेक्षा मोठी वाटली, हे इथे नोंदवतो. पण मग त्यांनी मला सांगायला बसवलं, आणि ते जमेना. खोट घालायच्या आधी माझा आवाज खाली येई. दोनदा तर मी खोट घातली आणि मीच लगेच सुधारली.

"तुजं तोंड खोट बोलायच्या आधी माफी मागतं," खाला म्हणाल्या. "तू सुकाणावरचाच. सांगनारा नव्हंस."

२००९च्या उन्हाळ्यात खालांच्या मुलाच्या साइटवरचं काम थांबलं. क्रेन तशीच उभी राहिली, खाली कोणी नव्हतं. काही आठवड्यांनी कंपनीने नोटीस दिली आणि फ्लॅट सोडायला सांगितलं. दुबईपासून तासाभरावर, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात मुलाच्या मावसभावाचं वर्कशॉप होतं. व्हिसाची मुदत संपेपर्यंत सगळ्यांनी तिथे राहायचं आणि मग गावी परतायचं, असं ठरलं. आम्ही जिन्यात खोके बांधायला मदत करत होतो, तेव्हा मायलेकांचं चाललं होतं.

"अम्मी, कानीचं काय एवढं? गावाला जाऊन सांग. तिकडं पोरं नाहीत काय?"

"गावची पोरं हितं हायत. एक दुबयत, एक कतारात, एक कुवेतात. गावात बसून कोनाला सांगू, माडांना?"

"मग मला सांग."

"तुला लहानपनी सांगितली. तू पयल्या बंदराला घोरत होतास."

"खलास," मुलगा मला म्हणाला, "हिच्याशी बोलणं खलास."

आता खालांना घाई झाली. कानी दिल्याशिवाय त्यांना जायचं नव्हतं. देण्याचा नियम त्यांच्या वडिलांचा होता आणि तो बदलायला त्या तयार नव्हत्या: जो सांगणाऱ्यालाच सुकाणावर बसवून फसवील, त्याची कानी. वडिलांना त्यांनी फसवलं होतं म्हणून ती त्यांच्याकडे आली. दोन्ही भाऊ तोंड बघत राहिले.

"कशी फसवली?" माझ्या मुलीने विचारलं.

"ते सांगनार नाय. तुजी तू शोध."

इमारतीतल्या मुलांपैकी उम्म अल कुवैनपर्यंत दर शुक्रवारी येणारी आमची एकटीच होती. तिथे मावसभावाच्या घरामागे पत्र्याची सावली होती आणि तिच्यापुढे खाडीचं उथळ पाणी. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर खाला दांडा घेऊन बसत, समोर माझी मुलगी. मी आणि खालांचा मुलगा मागे.

पहिल्या खेपेला तिने मस्कतच्या बंदरात बर्फ पाडला. खालांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. दुसऱ्या खेपेला वाऱ्याची दिशा बदलली. "थांब. ह्या वाऱ्यानं आपन परत घरी जाऊ. पोचव आमाला, बरं होईल." तिसऱ्या खेपेआधी ती माझ्याकडे आली. मी तिला भरती-ओहोटी समजावली आणि मोत्यांच्या हंगामाचा महिना एकाने पुढे ढकलायला सांगितलं. उत्तम, सूक्ष्म चूक होती. खालांनी ती ऐकली आणि नाक वर केलं.

"थांब. ही खोट तुज्या बापाची. पेपराचा वास येतो."

परतीच्या वाटेवर मुलगी गाडीत म्हणाली, "बाबा, नेक्स्ट टाइम डोन्ट हेल्प."

या सगळ्यात तिच्या मराठीचं काय होत होतं, ते आमच्या उशिरा लक्षात आलं. तिला कानी आता पाठ होती आणि ती जशी होती तशीच तोंडात बसली होती. पुण्याहून आजीचा फोन आला आणि शिरा हवा का विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मना नको." आजीने फोन आईला द्यायला सांगितलं. मग सासूबाईंनी बायकोला विचारलं, "फोन कोणाला दिलायस?"

खाला जायच्या आधीचा शेवटचा शुक्रवार. दुसऱ्या दिवशीचं विमान होतं. पत्र्याखाली दोरीने बांधलेले खोके रचलेले होते आणि खालांचा मुलगा त्यांच्यावर मार्करने पत्ता लिहीत होता. खालांनी दांडा घेतला. त्या त्या दिवशी थट्टा करत नव्हत्या. मुलगीही नाही. आज जमलं नाही तर कानी उद्या विमानात बसणार आणि माडांपाशी जाऊन थांबणार, हे दोघींना माहीत होतं.

"सुकाणावर कोण?" माझ्या मुलीने विचारलं.

"मी हाय."

"डोळे?"

"उघडे."

"मग सोड दोर."

तिने सगळी बंदरं घेतली, कुठे घाई केली नाही. मी मनातल्या मनात दांडा धरून ऐकत होतो. कौलं कौलंच होती. मस्कतला राखणदाराने कोंबडा घेतला, भंडारी रडला. अवसेला अंधार होता. हुर्मुझ वळल्यावर किनारा डाव्या हाताला. प्रत्येक वाक्यावर खालांचा हुंकार, कोरडा आणि ठाम.

"वारा नाय. पिपात पानी तळाला. कोनी कोनाशी बोलत नाय."

"हूं."

"नाखवा डोलकाठीला पाठ लावून बसला."

"हूं."

"मग कोंबडा आरवला, तांबडं फुटलं, आनि वाळूच्या अंगानं एक हुडी येताना दिसली."

"हूं."

"हुडीत एक म्हातारा. हातात दोर, बाकी काय नाय."

"हूं."

म्हातारा चढला, बसला, हुंकार देत राहिला, उठला, त्याने सुकाणू घेतलं. गलबत गोड्या पाण्याला लागलं. आता फक्त शेवटचं वाक्य उरलं होतं. ती थांबली आणि म्हणाली, "सुकाणावर कोण?"

खालांचा मुलगा लिहिता लिहिता थांबला.

"मी हाय," खाला म्हणाल्या. "काय झालं?"

"डोळे?"

"उघडे."

"नाय."

"काय नाय? कुठं?" खाला पुढे वाकल्या. "किनारा डावा. बरोबर. अवस काळी. पानी मस्कतचं. खोट घातलीसच नाय तू. मना फशी पाडतेस."

"घातली."

"पेपरवाल्या, तू बोल. घातली?"

मी सगळा मजकूर डोक्यात पहिल्यापासून चालवला. दिशा, वारा, चंद्र, माल, माणसं. मला काही सापडलं नाही आणि मी तसं सांगितलं.

मुलीने दोघांकडे एकेकदा बघून घेतलं. "कोंबडा मस्कतला दिला ना?"

खाडीवर कुठेतरी एक मोटरबोट सुरू झाली.

"अगं, कोंबडा आरवला असं बोलतातच," खाला म्हणाल्या. "कानीत सकाळ झाली की कोंबडा आरवतो."

"कुठला कोंबडा? भंडारी रडला ना त्याच्यासाठी?"

"हुडीवाल्याचा असंल."

"हुडीत म्हातारा आनि दोर. बाकी काय नाय. तूच शिकवलंस."

"गावातला असंल. किनाऱ्यावरचा."

"खाला," मुलगी म्हणाली, "देअर इज ओन्ली वन कोंबडा."

तिचं खरं होतं. खालांनी आणि मी ते शब्द इतक्या गोष्टींत इतक्या वेळा ऐकले होते की त्यात आम्हाला फक्त सकाळ ऐकू येत होती. ही मुलगी मराठी बोलायला शिकली होती ती याच एका कानीतून. तिच्या मराठीत कोंबडा एकच होता आणि तो मस्कतला राहिला होता.

खाला मोठ्याने हसायला लागल्या, खोकला येईपर्यंत. त्यांनी दांडा उचलला आणि माझ्या मुलीच्या मांडीवर आडवा ठेवला.

"मी फसवलं तवा माजा बापूस लई दिवस माज्याशी बोलला नव्हता," त्या म्हणाल्या. "मी बोलतंय, कारन उद्या इमान हाय. शेवटचं तू बोल."

"बोली नाय आली त्याला," मुलगी म्हणाली, "पन बंदर त्यानंच दावलं."

"हूं," खाला म्हणाल्या.

"यल्ला, चहा," त्यांचा मुलगा म्हणाला आणि तोंड फिरवून आत गेला. परतताना त्याने पाच कप आणले, आम्ही चौघे होतो.

खाला गावी पोचल्या. पुढची काही वर्षं त्यांचा फोन येई. तब्येत, पाऊस, महागाई यांच्यावर वेळ न घालवता त्या विचारत, "सुकाणावर कोण?" आणि माझी मुलगी त्या आठवड्यात तिच्या कानीला दांडा धरून बसलेल्या पोराची माहिती देई: खालच्या मजल्यावरची मल्याळी मुलगी, चांगली आहे, "थांब" ऐवजी "वेट" म्हणते. खाला म्हणत, "चालंल. जागी हाय ना?" आता त्या नाहीत. आम्ही करामा सोडून बायकोच्या ऑफिसजवळ राहायला गेलो. मुलगी शिकून नोकरीला लागली. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, टॉवरांच्या मधल्या तळ्याच्या काठी ती तोच दांडा घेऊन बसते. मुलं येतात, इंग्रजीत बोलतात, हुंकार देतात. मॉपच्या दांड्याच्या टोकाला सालपटं निघू लागली म्हणून मी तिथे चिकटपट्टी गुंडाळली आहे. या कामात माझा वाटा तेवढाच.

ती खोट घालते तेव्हा तिचा आवाज जरासुद्धा हलत नाही. आयुष्यभर चुका काढणाऱ्याच्या घरात इतक्या सफाईने चूक करणारी मुलगी निघाली, याचा मला जो अभिमान आहे तो लपवायचा मी प्रयत्न करत नाही.

मागच्या महिन्यात मी मुलांमध्ये बसलो होतो. दांडा सहा-सात वर्षांच्या एका मुलाकडे होता. हुर्मुझ ओलांडून झालं होतं. माझी मुलगी मध्येच थांबली आणि तिने विचारलं, "सुकाणावर कोण?" दांडेवाल्या मुलाने माझ्याकडे बघितलं. खोट मलाही सापडली नव्हती. माझ्या शेजारी बसलेली एक चिमुरडी मात्र केव्हापासून माझी बाही ओढून "थांब, थांब" म्हणत होती, आणि मी तिला ओठांवर बोट ठेवून गप्प बसवत होतो.